काहिलीतली मरळ

आषाढातलं वारं सुटलं की विसापूरच्या तलावात उतरायला कोणी धजत नसे. मी मात्र त्याच दिवसांची वाट बघायची. वाऱ्यानं काठावरचे किडे उडून पाण्यात पडतात आणि मरळ उथळ पाण्यात वर येते, हे मला ठाऊक होतं. पिसाचा गळ टाकण्यात तर त्या काठावर माझा हात धरणारं कोणी नव्हतं. हे मी आजही बेलाशक सांगते.

ही विद्या बाबांची. मिशनच्या साहेबाकडे ते खानसामा होते. साहेब कोंबड्याच्या पिसांचे खोटे किडे बांधून गळाला लावायचा आणि लवचिक काठीनं दोरी हवेत झुलवून लांबवर सोडायचा. लढाई सुरू झाल्यावर तो काठी बाबांना देऊन मायदेशी गेला. बाबांनी ती माझ्या हाती दिली तेव्हा गावात कुजबुज झाली, शाळेतली मास्तरीण मासे मारते म्हणून. मी म्हटलं, मारते आणि खातेही.

होडी आमच्याकडे नव्हतीच. होती ती गुऱ्हाळाची काहील. उसाचा रस आटवायची ही लोखंडी कढई गाडीच्या चाकाहून मोठी असते आणि पावसाळाभर पालथी पडून राहते. पूर आला की आमचे लोक तिच्यातच बसून नदी पार करत. पण एकटं माणूस बसलं तर वाऱ्यात ती जात्यासारखी गरगरते, समोर दुसरं कुणीतरी वजनाला लागतंच. बाबा गळ टाकायचे तेव्हा ते वजन मी असायची. पुढे मी टाकायला लागले आणि बाबा समोर बसू लागले.

मग एका साली बाबांच्या अंगावरून वारं गेलं. पाय ओढत का होईना ते चालू लागले, वाचाही परत आली, पण उजवा हात गेला तो गेलाच. मग त्यांनी जेवण जवळजवळ सोडलं. डाव्या हातानं खायचं नाही आणि कुणी भरवायचं नाही. आई वाटीनं दूध आणि पातळ कण्या पाजायची, तेवढंच पोटात. "डाव्या हातानं मानूस जेवतं का?" म्हणायचे आणि भिंतीकडे तोंड करायचे. धिप्पाड माणूस, पार चिपाड झाला. असंच चाललं तर हे हाती लागायचे नाहीत, असं डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं.

मला रडू आलं नाही, राग आला. शनिवारी शाळा सुटली तेव्हा सोसाट्याचं वारं होतं. मी घरी येऊन म्हटलं, "बाबा, चला तलावावर."

"मी काय करू तितं?"

"काहिलीत बसा. तुमी न्हाई बसलात तर ती फिरंल. दुसरं कुनी बसवलं की बडबड करतंय, मासा पळतो."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. मी गाडी जुंपायला लावली. आई दारात उभी राहून मला नावं ठेवत होती, तिचंही चूक नव्हतं.

काहील लाटांवर डुचमळत होती. फळीनं वल्हवत मी ती पाणगवताच्या कडेला नेली, वाऱ्याकडे पाठ केली आणि दोरी वर न झुलवता आडवी, पाण्यालगत सोडली. वाऱ्यात तशीच सोडायची असते. थोड्या वेळानं मरळ लागली, चांगली हातभर. तिनं ओढ घेतली आणि नेमकं वारं फिरलं. काहील बांधाच्या दगडांवर चालली. आपटली असती तर दोघंही पाण्यात गेलो असतो, आणि बाबांना आता पोहता येणार नव्हतं. फळी धरायची तर काठी सोडणं भाग होतं. मी ती बाबांच्या मांडीवर टाकली.

"धरा."

मग मी वर न बघता वल्हवत राहिले. दगड मागे पडल्यावर मान वळवली, तर बाबांनी काठीचा बुंधा डाव्या काखेत दाबला होता आणि डाव्या हातानं दोरी ते सोडत होते, आवळत होते, पुन्हा सोडत होते.

"हिकडं काय बघती?" ते म्हणाले. "वल्हव. गवतात गेली तर हाती लागायची न्हाई."

मरळ काहिलीत आली तेव्हा त्यांचा डावा अंगठा तिच्या कल्ल्यात होता. तेव्हा मात्र मला रडू आलं. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येतं, ते एक बरं होतं.

आईनं कालवण केलं आणि रोजच्यासारखी वाटी घेऊन बाबांजवळ बसली. त्यांनी वाटी सारली आणि ताट मागितलं. प्रार्थना झाली. बाबांनी डावा हात ताटात घातला. एका हातानं भाकरी मोडेना, म्हणून ती कालवणात दाबली, भिजू दिली आणि तुकडा तोंडात घातला. आई माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे.

"जेवा की," बाबा म्हणाले.

डाव्या हातानं आमच्याकडे कुणी कुणाला वाढत नाही, भिकाऱ्यालासुद्धा नाही. बाबांनी आपल्या ताटातली पोटाकडची मऊ तुकडी त्याच हातानं उचलली आणि माझ्या ताटात ठेवली. मी भाकरीला हात लावायच्या आधी ती खाल्ली.