आपांचे चाळीस नमुने

माझा स्वभाव तापट. कुणी चूक दाखवली की आधी त्याचंच म्हणणं खोडून काढायचं आणि तोंडावर आपटल्यावर मग ऐकायचं, ही माझी लहानपणापासूनची खोड. ती अजून गेलेली नाही. पण कामापुरती ती बाजूला ठेवायला मला अकोल्याच्या एका माती तपासणी प्रयोगशाळेत नमुने तपासणाऱ्या आपांनी शिकवलं. आपा म्हणजे थोरली बहीण; तिथे सगळेच त्यांना तसं म्हणत.

तेव्हा मी अमरावतीत कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे आणि उरलेल्या वेळात एका प्रोग्रामवर काम करायचे. मातीच्या तपासणीचे आकडे भरले की तो खताची शिफारस कार्डावर छापून द्यायचा. त्याचा कोड सगळ्यांना खुला होता. कुणीही घ्यावा, कुणीही सुधारावा. आम्ही पाच-सहाजण, एक केरळातला, एक जर्मनीतला, एकमेकांचं तोंडही न पाहिलेले, ई-मेलवर भांडत भांडत तो वाढवत होतो. काम फुकटचं, पण ऐट अशी की विचारू नका. आपांच्या प्रयोगशाळेनं तो वापरायला घेतला तेव्हा मी क्लासभर पेढे वाटले.

प्रोग्राम हेक्टरी आकडे द्यायचा. आमच्या वऱ्हाडात हेक्टरात कोण बोलतं? म्हणून मी अडीचनं भागून ते एकरी करून टाकले. तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण मेअखेरीस, पेरणी तोंडावर आलेली असताना, मला कार्ड देखणं करायची हौस आली. एका पानावर दोन कार्डं बसवली, त्या नादात कोडही जरा आवरला, एक कार्ड छापून पाहिलं. सुरेख दिसत होतं. पेन ड्राइव्ह घेऊन मूर्तिजापूरमार्गे एसटीनं अकोल्याला गेले, नवा प्रोग्राम टाकून दिला आणि संध्याकाळच्या आत घरी आले.

दुसऱ्या दिवशी आपांचा फोन. "कार्डं मी थांबवली हायेत. तू ये."

मी तणतणतच गेले. टेबलावर पातूरकडच्या एका गावाच्या दीडशे कार्डांचा गठ्ठा होता. आपांनी त्यातलं नाही, वेगळंच एक कार्ड माझ्यापुढे सरकवलं. प्रत्येक खेपेला, गावाच्या नमुन्यांच्या आधी, त्या एक ओळखीची माती तपासायच्या. कधीकाळी एका बांधावरून आणलेली, वाळवून, चाळून डब्यात भरलेली. तिचं उत्तर त्यांना पाठ होतं: कपाशीला एकरी चोवीस किलो नत्र. नव्या कार्डावर साडेनऊच्या आसपास आलं होतं.

"डब्यातली माती जुनी झाली असेल," मी म्हटलं. आजही ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

आपा चिडल्या नाहीत. "माती तेच हाय, बेटा. तपासणीचे आकडेबी तेच निंगाले. तुनं काय बदलवलं थे सांग."

कोड उघडला आणि दिसलं. अडीचनं भागणं हिशोबात होतंच. कोड आवरताना मी ते छपाईतही घालून बसले होते. सगळे आकडे दोनदा भागले गेले होते. त्या दीडशे घरांनी कार्डावर विश्वास ठेवून निम्म्याहून कमी खत टाकलं असतं. एक हंगाम बुडाल्यावर पुढचा पाहायला माणूस असेलच, असं त्या वर्षांत आमच्याकडे कुणी छातीठोकपणे म्हणत नव्हतं. मला तिथेच रडू फुटलं.

आपांनी पाणी दिलं. "रडून काय होते? गेलं नाई ना एकबी कार्ड बाहेर? मंग कर दुरुस्त."

दुरुस्ती दहा मिनिटांची होती. उठताना मी विचारलं, असे ओळखीचे नमुने आणखी आहेत का. त्यांनी रजिस्टर काढलं. काळी, भरड, खारपाणपट्ट्यातली, अशा चाळीस मातींचे आकडे आणि प्रत्येकीचं पक्कं उत्तर. मी सगळे वहीत उतरवून आणले आणि त्यावर एक छोटा प्रोग्राम लिहिला. आमच्यापैकी कुणीही कोडात काहीही बदललं की हे चाळीस नमुने आपोआप त्यातून जाणार, आणि एकाचंही उत्तर हललं तरी तो बदल परत. पहिल्यांदा तो मी मुद्दाम माझ्याच चुकलेल्या कोडावर चालवला. चाळीसपैकी चाळीस नापास. जर्मनीवाल्याचा बदल पहिल्याच आठवड्यात दोनदा अडकला, तेव्हा त्यानं मला लांबलचक तक्रार लिहिली. तिसऱ्यांदा अडकल्यावर आभार मानले.

पुढच्या मे महिन्यात आपांच्या धाकट्या लेकीचे दिवस भरत आले होते, परतवाड्याला. थोरलीच्या वेळी त्या जाऊ शकल्या नव्हत्या. तपासणी करायला इतर माणसं होती, पण छापलेली कार्डं शेवटी पाहून सोडायचं काम त्यांचंच, आणि पेरणीच्या तोंडावर त्यांनी कधी सुट्टी घेतलीच नव्हती.

"मी नसली तर तुह्यं थे चाळीसचं पुरते काय?" त्यांनी विचारलं.

"पुरतं, आपा."

त्यांनी पिशवी भरायला घेतली. जिनं वर्षापूर्वी दीडशे कार्डं चुकवली होती तिच्या शब्दावर ती बाई निघाली. एवढा भरवसा माझ्यावर त्याआधी कुणीच टाकला नव्हता. नंतर मोठ्या पगाराच्या नोकऱ्या मिळाल्या, शाबासक्या मिळाल्या, पण मनापासून आभार मानायचे म्हटले की आधी आपाच आठवतात.

कार्डं छापली त्या दिवशी राहवेना, म्हणून मी परतवाड्याला फोन लावला. "आपा, चाळीसही बरोबर आलेत."

मागे बाळ रडत होतं. "मंग वाटून टाक ना," त्या म्हणाल्या. "आन आता फोन नको करू. नातीले आंघोळ घालून राहिली मी."