कॉलरमागचा व्हिएतनाम

जगाचा व्यापार माणसांच्या मानेमागून पाहणारे गृहस्थ साऱ्या जालना जिल्ह्यात एकच, आणि ते नेमके माझे थोरले साडू आहेत. तीर्थपुरीच्या शाळेत त्यांनी जन्मभर इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर वर्ग सुटला, शिकवणं सुटलं नाही. कुणी भेटलं की ते रामराम करतात, तब्येत विचारतात आणि बोलता बोलता मागे जाऊन त्याच्या शर्टाची कॉलर उलटी करून आतलं लेबल वाचतात. लेबलावर कुठलाही देश निघो, साडूंची गाडी सुटते ती आपल्या शिवारातल्या कापसावरूनच. तिकडे इंग्रजांच्या मुलखात सूत काढायची यंत्रं आली, अमेरिकेत आपसात लढाई जुंपून तिथला कापूस थांबला आणि मँचेस्टरच्या उपाशी गिरण्या आपल्या काळ्या मातीकडे डोळे लावून बसल्या, हे सगळं ते असं सांगतात, जणू त्या वेळी हे स्वतः बांधावर उभे होते. मग आगगाडी येते, आगबोट येते, सुएझचा कालवा येतो, मुंबईच्या गिरण्या उभ्या राहून बंदही पडतात, आणि फिरून फिरून गोष्ट तुमच्या कॉलरशी येते. तोवर तुमची बस गेलेली असते.

“कापूस आपला अन् शर्ट त्यांचा,” असा समारोप ठरलेला. “कच्चं देऊन पक्कं इकत घ्यायचं, पिढ्यान्‌पिढ्या हेच करून राह्यलो आपण.”

एकदा घनसावंगीच्या जीपमध्ये त्यांनी मागच्या बाकावरून हात घालून चालत्या गाडीत ड्रायव्हरचीच कॉलर उलटली. जीप उसाच्या ट्रॉलीला घासता घासता वाचली. आम्ही सगळे देवाचं नाव घेत होतो आणि साडू खुशीत होते, कारण लेबल व्हिएतनामचं निघालं होतं आणि हा देश त्यांना तोवर कुणाच्या मानेवर सापडला नव्हता. त्यांच्या पुतणीच्या लग्नात तर कहर झाला. मंगलाष्टकं चालू असताना ते नवरदेवाच्या मागे जाऊन उभे राहिले आणि कोटाची कॉलर उलटली. नवरदेवाला वाटलं, हाही एक विधीच असावा. त्याने निमूट मान खाली घातली.

लोक हसतात, मीही हसतो. पण मी त्यांना मनापासून मानतो. शाळेत मी शिकलेला इतिहास राजांच्या नावांपुढे गेला नाही. माझ्या अंगावरच्या सदऱ्याला किती समुद्र ओलांडावे लागले, हे मला या माणसाने सांगितलं, आणि तेव्हापासून मला कुठलंही कापड नुसतं कापड दिसत नाही.

त्यांची एकुलती एक मुलगी हे ऐकतच वाढली. पक्कं करायचं तर आधी ते शिकावं लागेल, म्हणून तिने कापडाचं इंजिनिअरिंग केलं. तिला नोकरी लागली ती व्हिएतनामच्या कारखान्यात. आम्हाला वाटलं, साडू आता गावभर पेढे वाटणार. ते नुसते ओट्यावर जाऊन बसले. मेहुणीचा, म्हणजे मुलीच्या आईचा, तर नकारच होता आणि मुलीने सांगून टाकलं होतं, की बाबा नको म्हणाले तर मी जाणार नाही. सगळं त्यांच्या एका शब्दावर अडलं होतं. त्या दिवसांत त्यांनी कुणाचीही कॉलर उलटली नाही. मी नवा शर्ट घालून मुद्दाम त्यांच्याकडे पाठ करून बसलो, तरी नाही. तेव्हा मात्र मला काळजी वाटली.

“जन्मभर पोरायला सांगत आलो, कच्चं पाठवू नका, पक्कं पाठवा,” ते एकदाचे बोलले. “आता आपल्याच घरातून पक्कं निघालं, तं मलाच जिवावर येऊन राह्यलं.”

पोरीला कापसाच्या गठाणीसारखं घरात बांधून ठेवू नका दाजी, असं माझी बायको आतून म्हणाली. साडूंना हसू आलं, डोळेही भरले. संध्याकाळी त्यांनी मुलीला जा म्हणून सांगितलं.

निघायच्या दिवशी दारात जीप उभी राहिली. मुलगी पाया पडून उठली आणि साडूंचा हात सवयीने तिच्या मानेकडे गेला. त्या घरात अशा वेळी सगळ्यांचीच मान आपोआप खाली जाते, तशी तिचीही गेली. कुर्त्याची कॉलर उलटून ते बराच वेळ पाहत राहिले. कुर्ता मेहुणीने गावातल्याच शिंप्याकडून शिवून घेतला होता.

“याच्यावर तं काहीच लिहिलेलं न्हाई,” ते म्हणाले. “मंग तिकडं लोकायला कसं कळायचं, कुठली हाये तू?”

“मी सांगीन ना, बाबा.”

साडू आता पुन्हा कॉलरी उलटू लागले आहेत. बांगलादेश निघाला तर अजूनही तुमची बस चुकते. व्हिएतनाम निघाला तर मात्र ते काही सांगत नाहीत. लेबलावरून अंगठा फिरवतात, कॉलर नीट बसवतात आणि ‘शिलाई चांगली हाये’ एवढंच म्हणतात. गेल्या दिवाळीत मी जालन्याची दुकानं पालथी घालून व्हिएतनामच्या लेबलाचा एक शर्ट मिळवला, तो घालून तीर्थपुरीला गेलो आणि त्यांच्याकडे पाठ करून बसलो.