उचल फिटेपर्यंत

अक्षर वाईट आहे, शुद्धलेखनाचं तर विचारूच नका. चौथीत पाटी सुटली ती सुटलीच. कुणाच्या हाती हे पडलंच तर सांभाळून घ्या. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. अंगात येणाऱ्या बायकांना मी लांबूनच हात जोडायची... तरी हे झालं, पाली गावात, आमच्या पत्र्याच्या घरात, भर दुपारी.

आम्ही दोघं नवरा-बायको दरसाल ऊसतोडीला जायचो. हंगामाआधी मुकादमाकडून पैसे घ्यायचे, ती उचल. ती अंगावर असेपर्यंत टोळी सोडून घरी येता येत नाही, मग घरी काही का होईना. आमचा एकुलता एक विलास गिटार शिकला आणि बीडला हमीदभाईंच्या बँडमध्ये लागला. त्यानंही लग्नसराईची उचल घेतली, गिटार आणली, आणि मला म्हणाला, "आता कोयता आढ्याला खोच, आई."

मग तो गिटारला जोडायचं एक पेडल बनवायला लागला. कंप्रेसर म्हणायचा त्याला. माझ्या मिश्रीच्या डब्याला भोकं पाडली आणि त्यात तारा, बारीक बारीक सामान डाग देऊन जोडत बसायचा. डबा गेला म्हणून मी चिडले. हे करतं तरी काय, विचारलं.

"जोराचा आवाज दाबून धरतंय अन् बारीक आवाज वर आणतंय. तुझ्यासाठीच हाय समज. तू बोलतीस ते तुझ्या पदराला बी ऐकू येत न्हाई."

एकच भाग बसवायचा राहिला होता. तो आणायला मोटारसायकलवर बीडला गेला... येताना ट्रकनं उडवलं. कागदाची पुडी त्याच्या खिशात तशीच होती. ती मी अजून सोडलेली नाही.

तेराव्यानंतर हमीदभाई आले. माणूस वाईट नव्हता, पण लग्नसराई तोंडावर होती. उचलीपोटी गिटार आणि डबा नेतो म्हणाले. गिटार डब्याला जोडली, डबा विलासच्या स्पीकरला. तारा छेडल्या, काहीच वाजलं नाही. त्यांनी गिटार बाजेवर ठेवली. मी चहा घेऊन दारात आले आणि सवयीनं हळूच बोलून गेले, "विलास, च्या झालाय रं."

स्पीकरमधून आवाज आला — "आलो गं."

मी, आमचे हे आणि हमीदभाई, तिघांनीही ऐकला. हमीदभाईंनी डब्याचं झाकण काढलं. आत बॅटरीच नव्हती. राहिलेल्या भागाची जागा तशीच मोकळी. त्यांनी झाकण परत लावलं. मग काहीच न नेता उठले, पैसे जमतील तसे द्या म्हणाले.

आम्ही आढ्याचा कोयता पुन्हा काढला. दरसाल पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की गावी यायचं, हमीदभाईंना पैसे द्यायचे, आणि घरी येऊन मी डब्याजवळ बसायची. हाक मारायची. "आलो गं," एवढंच यायचं. तो मात्र कधी यायचा नाही.

यंदा सगळे पैसे जमले होते. मी त्यातले थोडे पदराच्या गाठीत ठेवले, बाकीचे हमीदभाईंना दिले, आणि राहिलेले पुढच्या साली देते म्हणून सांगून आले. घरी येऊन हाक मारली. या वेळी आवाज फार दमलेला आला... दिवसभर मोळ्या वाहिलेल्या माणसाचा असतो तसा.

ह्यांनी ऐकलं. गाठही बघितली. हे कधी जास्त बोलत नाहीत.

"लेकराला कशापायी अडकवून ठिवलंस?" म्हणाले. "उचल अंगावर असली की माणसाला टोळीतनं सुटता येत न्हाई. तुला ठाव हाय की."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

रेडिओ दुरुस्तीवाल्याला डबा दाखवला होता. हा वाजूच शकत नाही म्हणाला. मग आम्ही काय ऐकत होतो, मला सांगता येणार नाही, अजूनही.

दुसऱ्या दिवशी एसटीनं बीडला गेले. हमीदभाईंच्या समोर गाठ सोडली. ते हळू आवाजात म्हणाले, "फिटली, बाई."

"जोरात म्हणा, भाई," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग दाराकडं तोंड करून, रस्त्यावर ऐकू जाईल असं म्हणाले, "विलासची उचल सगळी फिटली."