पो-येनची नावांची गाळणी

माझा मुलगा यू पो-येन ह्याच्याविषयी मी हे लिहीत आहे. तो एक्केचाळीस वर्षांचा असून शिंचू येथील एका कंपनीत बसगाड्यांच्या वेळापत्रकाचे प्रोग्राम लिहितो. लिहितो हे पूर्ण खरे नाही. इतरांच्या प्रोग्रामांतील नावे तपासून ते परत पाठवणे, हेच त्याचे मुख्य काम आहे.

त्याचे नियम त्याने आमच्या फ्रिजवर चिकटवले आहेत. दिसेल ते वाचावे, असे मी लिहायला-वाचायला शिकते त्या प्रौढ वर्गातील बाईंनी सांगितल्यामुळे मी ते सर्व वाचले. वस्तूच्या साच्याला तो क्लास म्हणतो. क्लासचे नाव इंग्रजी मोठ्या अक्षराने सुरू व्हावे आणि ते वस्तूचेच असावे. कामाचे नाव लहान अक्षराने सुरू व्हावे आणि हुकमासारखे असावे. गाडी सोड, दार उघड. दोन शब्द जोडले तर दुसऱ्याचे पहिले अक्षर उंटाच्या वशिंडासारखे वर उठावे. जे कधीच बदलत नाही, त्याचे नाव सगळे मोठ्या अक्षरांत. 'तात्पुरते' असे नाव ठेवणाऱ्याने दुसरी नोकरी पाहावी, हा शेवटचा नियम त्याच्या वरिष्ठांनी खोडला. फ्रिजवर मात्र तो अद्याप लागू आहे.

एकदा जेवताना त्याच्या हाताखालच्या केंग या-हान नावाच्या मुलीचा फोन आला.

"यू दादा, माझा प्रोग्राम तीन दिवस तुमच्याकडे अडकलाय. नीट चालतोय की तो."

"चालतोय. पण हा 'क्ष' कोण?"

"थांब्यांची संख्या."

"मग तसं म्हण ना. बेवारस पोरासारखं काय सोडून दिलंयस त्याला?"

"बरं. आणि दादा, तुमच्या मुलीचं नाव काय ठेवलंत?"

पो-येनने फोन ठेवला आणि तोंडातील भात न चावता गिळला.

त्याची मुलगी त्या दिवशी बावन्न दिवसांची होती आणि तिला नाव नव्हते. रुग्णालयाने मनगटाला बांधलेल्या पट्टीवर 'शियाओ मिन-चू हिची मुलगी' असे होते. मिन-चू ही माझी सून. साठ दिवसांत नाव नोंदवले नाही, तर नोंदणी कचेरीचे साहेब स्वतः नाव ठेवतात. त्या भीतीने पो-येनने नावे गाळणारा एक प्रोग्राम तयार केला होता.

त्यात दोष माझाही होता. वडीलधाऱ्यांच्या नावातील अक्षर लहानांना देऊ नये, हा आग्रह मी धरला आणि यू घराण्याची वंशावळ त्याच्यासमोर आणून ठेवली. त्याने अकरा पिढ्यांतील तीनशे सहा पूर्वज एकेक करून आत घातले. त्यावर ज्योतिष्याने सांगितलेला अक्षरांतील रेघांचा हिशेब घातला, शाळेत पोरे काय चिडवतील तेही घातले. त्या प्रोग्राममधील क्लासचे आणि कामाचे प्रत्येक नाव निर्दोष आहे, असे तो अभिमानाने सांगे. फक्त त्यातून मुलीसाठी एकही नाव बाहेर पडत नव्हते.

"मूल नऊ महिन्यांत बाहेर आलं," मिन-चू म्हणाली. "नावाची वेळ कधी भरणार?"

साठाव्या दिवशी आम्ही सर्व कचेरीत गेलो. आमचा क्रमांक सत्तेचाळीस होता. बाकावर बसून पो-येनने लॅपटॉप उघडला आणि जुन्या काळची, कोणी ठेवत नाही अशी अक्षरे गाळणीत ओतली. चव्वेचाळीसचा पुकारा झाला तेव्हा पडदा हिरवा झाला. 'रुओ-लान.'

"हे 'लान' तर आईंचं अक्षर," मिन-चू म्हणाली. माझे नाव यूए-लान आहे.

"शक्यच नाही. गाळणीने मंजूर केलंय."

"गाळणीला आई माहीत आहेत का?"

त्याने यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. वंशावळीत स्त्रियांची नावे लिहीत नाहीत. माझ्या जागी 'लू घराण्यातून आलेली' एवढेच आहे.

"आई, तू यादीत नाहीस."

"तुझ्या जन्माच्या वेळी हजर होते."

"मग यादीच चुकली. आत्ता तुला घालतो, म्हणजे हे नाव नामंजूर होईल." त्याची बोटे चालू लागली, आणि सत्तेचाळीसचा पुकारा झाला.

"नाव सांगा," खिडकीवरची बाई म्हणाली. "नाहीतर आमचे साहेब ठेवतील. त्यांची आवड मला ठाऊक आहे, म्हणून सांगते, घाई करा."

आग्रह माझा होता, तेव्हा तो मोडण्याचा अधिकारही माझाच होता. थोरली बहीण वारल्यापासून मला माझ्या नावाने कोणी हाक मारलेली नाही. मी पो-येनचा हात धरला.

"थांब. आधी मुलीला दे. मला यादीत उद्या घाल."

"अगं, मग उद्या ती नियमाबाहेर जाईल."

"जाऊ दे. आज तिचं नाव लिहून होईल."

मिन-चूने तेवढ्यात अर्ज भरला होता. पो-येनने त्यातील प्रत्येक रेघ मोजली आणि मग सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला तीनशे सातवी म्हणून यादीत घातले. पडद्यावर रुओ-लान तत्काळ लाल झाली. त्याने त्या लाल नावाखाली एक ओळ टाइप केली.

"आई, ही चूक कोणी दुरुस्त करू नये, असं मी प्रोग्रामच्या आत लिहून ठेवलंय," तो म्हणाला, आणि तिची दुधाची बाटली गरम करायला उठला.