हेंकने भरून परत केलेला डबा

मी रिव्हॉल्व्हरची गोळी तोंडात धरून ऑफिसची मीटिंग केली आहे. एकदाच. पण केली आहे!

लॉकडाउनचे दिवस. महिन्याभरासाठी पुण्याहून आलेली आई विमानं बंद झाल्यामुळे नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेपला आमच्याकडे अडकली होती. वेळ जाईना म्हणून चकल्या तळायची आणि डबे भरभरून शेजारच्या हेंकला द्यायची. हेंक रिटायर्ड, नेमबाजीच्या क्लबातला. क्लब बंद, म्हणून बागेतल्या शेडमध्ये शिसं वितळवून रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या ओतत बसायचा. त्याला कुंपणावरून मीच शिकवलं होतं, "आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत." (नको तिथे शहाणपणा!)

एका सकाळी दारात डबा. आत काळपट, सपाट तोंडाचं काहीतरी.

"ड्रॉप दिसतंय," माझी बायको शलाका म्हणाली. "ते ज्येष्ठमधाचं खारट चॉकलेट, इथली मुलं चघळतात ना, ते."

बाहेरून आलेली कोथिंबीर धुवावी तसं आईने तेही साबणाने धुतलं आणि जुन्या ओढणीवर वाळत घातलं. शेजाऱ्याचा मान म्हणून मी एक तोंडात टाकलं आणि चहाचा कप घेऊन मीटिंगला बसलो. ना चव, ना विरघळण्याचं नाव! डच पदार्थ असेच, म्हणून नेटाने चघळत राहिलो.

"अनिकेत, तुझं मत?" मॅनेजरबाईंनी अचानक विचारलं.

दचकून अनम्यूट केलं, "ॲब्सोल्यूटली!" म्हणालो. तेवढ्यात बागेतून आरोळी आली. कॅमेरा बंद करून पळालो, तर हेंक कुंपणावर अर्धा लोंबकळत होता.

"माझे वॅडकटर! ॲपल केकचा डबा घरीच राहिला, चुकून हा दिला!"

"वॅड... काय?"

"रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या! घाबरू नकोस, आत दारू नाही, नुसतं शिसं आहे. तोंड सपाट असलं की निशाणाच्या कागदावर भोक स्वच्छ पडतं. कोणी खाल्लं नाही ना?"

मी जिभेने तोंड चाचपलं. रिकामं!

"गिळलीस?" शलाका पांढरीफटक पडली.

"मला काय माहीत!"

"तुझ्या पोटात काय गेलं ते तुला माहीत नाही?"

शिसं म्हणजे विष! शलाकाने डॉक्टरांना फोन लावला. तिकडे नुसतं संगीत. आई डोळे पुसत केळी सोलायला लागली. "खा रे बाळा, खाली सरकेल. काय गं शलाका, शिशाने डोक्यावर परिणाम होतो ना?"

"आई, याच्या बाबतीत तो ओळखायचा कसा?"

तिसरं केळं तोंडात असताना मॅनेजरबाईंचा मेसेज आला. 'अनिकेत, सगळ्यांसमोर बोलले नाही. तू अनम्यूट करताना तुझा दात चहात पडला.'

धावलो. साय धरलेला, न प्यायलेला चहा. चमचा घातला. टण्! कप छातीशी धरून मी चक्क रडलो. आईने आधी चुळा भरायला लावल्या.

आता बाईंना काय कळवणार? माझ्या इथे राहण्याच्या परमिटच्या नूतनीकरणाचे कागद ऑफिसातूनच जायचे होते. तोंडात रिव्हॉल्व्हरची गोळी होती, असं लिहू? मी लिहिलं, 'हो, दातच.'

ऑफिस पुन्हा उघडल्यावर बाईंचा वाढदिवस झाला. सगळ्यांना ॲपल केक मिळाला. आणि मला, अगदी आठवणीने, वाटीभर मऊ कस्टर्ड!