अंगावरची पोर टाकून

निजामी अमलातला हा गुन्हा इतक्या वर्षांनीही माझ्या मनातून गेलेला नाही. मी तेव्हा भोकरदन भागात अमीन होतो. आजच्या भाषेत फौजदार. राजूरला चतुर्थीच्या बंदोबस्तावर उभा असताना एक प्रौढ बाई दर्शनाच्या रांगेतून निघून माझ्याकडे आली. हसनाबादच्या बाजूच्या एका खेड्यातली. गावात तोंड उघडायची तिची छाती झाली नव्हती.

"साहेब, शेजारची सून माहेरी गेली म्हणत्यात. पर अंगावर पिती पोर टाकून कोणती माय माहेरी जाईन? पोर रडून रडून अर्धी झाली."

मी लगेच एक जवान सुनेच्या माहेरी, कुंभार पिंपळगावला पाठवला. ती तिथे नव्हतीच. तिचा भाऊ घाबरून जवानाबरोबरच आला. त्याला घेऊन मी गावात गेलो.

घर खात्यापित्या शेतकऱ्याचे. गावच्या पाटलांनी मला चावडीवरच अडवले. "अमीनसाहेब, घरचा मामला हाय. जाऊ द्या."

मी नवऱ्याला आणि सासूला वेगवेगळे बसवले. मारहाण केली नाही, आवाजही चढवला नाही. खोटे बोलणाऱ्या माणसाला बारीकसारीक गोष्टी विचाराव्यात, तो तिथेच अडकतो.

"कशानं गेली?" मी नवऱ्याला विचारले.

"गाडीनं. म्याच सोडून आल्तो."

सासू म्हणाली, "तिचा भाऊ आल्ता न्यायला."

मी भावाला आत बोलावले. त्याला पाहताच सासूने पदर तोंडाला लावला. तिची जबानी नवऱ्याला ऐकवली, तसा तो कबूल झाला. "आखाड्यावर हाय. जित्ती हाय, साहेब."

शेतातल्या आखाड्यावर, कापसाच्या खोलीला बाहेरून कुलूप होते. आत ती होती. मनगट मोडून सुजलेले, पायाला बैलाची साखळी. दोन्ही मुलीच झाल्या म्हणून नवऱ्याचे दुसरे लग्न ठरले होते. ती भर बैठकीत नाही म्हणाली, म्हणून मारली आणि लग्न उरकेपर्यंत कोंडली.

पंचनामा झाल्यावर मी गाडी मागवली, वर पांघरूण घालायला सांगितले. ती म्हणाली, "मला झाकून नेऊ नका. म्या काय चोरी केली? गावातून चालत येते."

आणि ती चालली. तिच्या पायातून काढलेली साखळी भावाने हातात धरली होती. दारादारांतून बाया बाहेर आल्या. राजूरला भेटलेल्या बाईने पोर आणून तिच्या कुशीत दिली आणि सगळ्यांसमोर मला म्हणाली, "लिहा माझी जबानी." तिच्यामागे आणखी चौघी उभ्या राहिल्या. पाटील खाली मान घालून जबान्यांवर साक्षीदार म्हणून सही करून गेले.

डांबून ठेवणे आणि हाड मोडणे, दोन्ही कलमांखाली मायलेकांना सजा झाली. दुसरे लग्न मोडले. त्या ठरलेल्या मुलीच्या बापानेच नकार कळवला. पुढे त्या सुनेने आपल्या दोन्ही मुलींना घेऊन भावाच्या शेजारी स्वतंत्र घर मांडले.

त्या घरातली मारहाण वर्षानुवर्षे साऱ्या गल्लीला ऐकू येत होती. पहिल्याच दिवशी कोणी दार वाजवले असते, तर तिचे मनगट वाचले असते. त्यानंतर गस्तीला गेलो की मी चावडीवरूनच परतत नसे, पाणवठ्यावर थांबून बायांना विचारत असे, "कोणाची सून बरेच दिवस दिसली नाही का?" सुरुवातीला त्या लाजून हसत. नंतर त्याच मला हाक मारून थांबवू लागल्या.