शेवटच्या ओळीवरची रेघ

लोकांना तोंड उघडायला लावणं हा माझा धंदा. माझं स्वतःचं मात्र या एका गोष्टीपुरतं आजवर मिटलेलं राहिलं — नवऱ्यासमोर, मुलीसमोर, देवासमोरसुद्धा. देवाला माहीत असणारच म्हणा. पण त्याला माहीत असणं वेगळं आणि आपण होऊन सांगणं वेगळं, नाही का? तुम्ही बसा. मध्ये काही बोलू नका, म्हणजे मला सांगता येईल.

मी दातांची डॉक्टर. मंडईच्या मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर दवाखाना — एक खुर्ची, एक मदतनीस बाई, बाहेर दोन बाकडी. बरीच वर्षं बरं चाललं. मग चौकात तो काचेचा दवाखाना आला. गावोगाव शाखा असलेला; नाव कशाला घ्यायचं. आत गारवा, मशिनमधली कॉफी, हप्त्यांची सोय, आणि तारीख चुकली की गोड आवाजात आठवणीचा फोन. माझे पेशंट एकेक करून गळायला लागले. रस्त्यात दिसले की नजर चुकवायचे, देवळातून दुसऱ्याच्या चपला घालून आल्यासारखे.

मी काय करणार होते? कॉफीचं मशिन ठेवायला जागा तरी होती का? माझ्याकडे एकच गोष्ट होती — ही बाई उगाच काही करत नाही, हा लोकांचा विश्वास. मग मी तोच विकायला काढला. जिन्याखाली पाटी लावली: ‘दुसरीकडे सांगितलेलं काम करण्याआधी एकदा इथे दाखवा. दाखवण्याचे पैसे नाहीत. वाद घालण्याचे पडतील.’ पाटीचे फोटो फिरले. लोक यायला लागले, हातात काचेच्या दवाखान्याचा छापील कागद घेऊन.

मी लाल पेन काढायचे. एकेक ओळ मोठ्याने वाचायचे. ही दाढ? हिला काय धाड भरलीय? — रेघ. हसू सुंदर करून देणार म्हणतात, का, पुन्हा बोहल्यावर चढायचंय? — रेघ. आणि दार — हे मी मुद्दाम करायचे — दार उघडं ठेवायचे. बाहेरची बाकडी खुसखुसायची. त्या हसण्यावर माझा दवाखाना पुन्हा उभा राहिला. बहुतेक रेघा बरोबरच होत्या, हेही सांगते. पण ते काही माझं भूषण नाही. बरोबर ठरण्याची मला चटक लागली. आधी कागद आणि मग तोंड, असा उलटा क्रम कधी झाला ते माझं मलाच कळलं नाही.

कळलं नाही? बघा, लगेच सारवासारव सुरू झाली. कळत होतं.

गजाननशेठ मंडईत नारळ विकायचे. नारळ कानाशी धरून हलवायचे, बोटाच्या पेराने टकटक करायचे आणि गिऱ्हाइकाची थट्टा करत करत पिशवीत टाकायचे. दर गणपतीला मला एक आणून द्यायचे. हा मी स्वतः वाजवून घेतलाय, खवट निघाला तर दुकान बंद करतो, असं दरवर्षी म्हणायचे. गालात तंबाखू. त्यावरून मी त्यांना इतकं झापलंय की शेवटी तो आमच्यातला विनोदच होऊन बसला. बायको मंदाताई गल्ल्यावर बसायच्या. मुलगा वारज्याला फ्लॅट घेऊन राहिलेला. त्यानेच वडिलांना हट्टाने त्या काचेच्या दवाखान्यात नेलं होतं, आणि तिथून निघून शेठ तडक माझ्याकडे आले. कागद घडी करून खिशात. बाकडी भरलेली.

मी पेन काढलं. दोन कॅप — रेघ. रूट कॅनाल — रेघ. दात पांढरे करणे — शेठ, नारळ पांढरा असला म्हणजे झालं — रेघ. बाहेर हशा. हात आपोआप खाली सरकत होता. शेवटच्या ओळीत इंग्रजीत लिहिलं होतं की जिभेच्या डाव्या कडेला चट्टा आहे, तुकडा काढून तपासणीला पाठवावा.

ती ओळ माझ्या डोळ्यांनी वाचली तेव्हा रेघ अर्ध्यात होती.

हात थांबला. खरंच थांबला. शेठही म्हणाले, जिभेचं काहीतरी सांगत होती तिथली ती डॉक्टर पोरगी, तुकडा काढू म्हणाली. बाहेरची माणसं माना वाकवून आत बघत होती, पुढचा टोला काय पडतो म्हणून. आणि मी म्हणाले — हे शब्द मला अजून आंघोळीच्या वेळीसुद्धा ऐकू येतात — मी म्हणाले, “तुमची जीभ कापली तर अख्खी मंडई शांत व्हायची, शेठ.” सगळे हसले. शेठ तर सगळ्यांत जास्त. मी रेघ पुरी केली.

मग खुर्चीत बसवून जीभ बघितली. मग! चट्टा पांढरट-लालसर होता. बाजूच्या दाढेला टोक होतं, ते जिभेला घासत होतं, हेही खरं. पण बोट लावलं तर खाली कडक लागलं. शेठना नारळ वाजवून कळायचं ना, तसं आम्हालाही बोटाला कळतं. मला कळलं. त्याच क्षणी पाठवायला हवं होतं. पण पाठवायचं म्हणजे काय, तर दार उघडं असताना म्हणायचं की त्या पोरीचं बरोबर आहे, माझं चुकलं. मी दाढेचं टोक घासून दिलं, दाताची धार लागत होती म्हणाले, आणि पंधरा दिवसांनी दाखवायला सांगितलं.

ते आले, दुकानातूनच, घाईत. चट्टा होता तसाच होता. मी बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाले, कमी होतोय की, आता परत यायची काही गरज नाही. का म्हणाले? त्या दिवशी तर बाहेर कुणी नव्हतंसुद्धा. हसायला कुणी नव्हतं, लाजायचं कारण नव्हतं. मी एकटी होते आणि ते होते, तोंड उघडं ठेवून, माझ्यावर विसंबून. आता तीच रेघ खोडायची म्हणजे — काय झालं असतं? काही नसतं झालं. चार लोक चार दिवस बोलले असते.

गळ्याला गाठ आल्यावर ते पुन्हा आले. तेव्हा मात्र मी धावपळ केली. चिठ्ठी दिली, ओळखीच्या सर्जनला फोन केला, मुलाला बोलावून घेतलं. सगळे म्हणाले, डॉक्टरबाई किती करतात. अर्धी जीभ काढली. मग रेडिएशनचा शेक दिला. बोलणं गेलं, नळीतून पेज. एकदा भेटायला गेले तर त्यांनी खुणेने मंदाताईंना आत पाठवलं आणि नारळ मागवला. कानाशी हलवला, टकटक केलं आणि माझ्या हातात दिला. गणपती नव्हते काही. मला वाटतं, त्यांना ठाऊक होतं गणपतीपर्यंत आपण नसू. नव्हतेच.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, चूक झाली, डॉक्टरांच्याही होतात. थांबा. मला सांगायचंय ते हे नाहीच.

दिवसकार्य झाल्यावर मी त्यांच्या घरी गेले. मंदाताई पाय पोटाशी घेऊन भिंतीला टेकून बसल्या होत्या. सांगायला लागल्या की त्या काचेच्या दवाखान्यातून सारखे फोन यायचे, तपासणीला कधी येताय म्हणून. शेठ उचलायचेच नाहीत. एकदा उचलला आणि ऐटीत म्हणाले, आमच्या बाईंनी रेघ मारलीय त्यावर. हे त्या मला कौतुकाने सांगत होत्या. माझ्याबद्दल. मग त्यांनी विचारलं, “आम्ही उशीर केला का हो, बाई?”

त्यांना माहीत नव्हतं. शेठ मध्ये एकदा दाखवून गेले होते, हे त्यांना माहीत नव्हतं. मी परत यायची गरज नाही म्हणाले होते, हे त्यांना माहीत नव्हतं. ते माहीत असलेली दोनच माणसं होती, आणि त्यातला एक फोटोत होता, हार घालून.

मी म्हणाले, “हो, ताई. थोडं आधी यायला हवं होतं. मी त्यांना सांगितलं होतं, बरं वाटलं नाही तर लगेच या.”

असं मी कधीही म्हटलं नव्हतं. एवढ्यावरही थांबले नाही. तंबाखूचं बोलले. घरच्यांनी जरा लक्ष ठेवायला हवं होतं, असंही बोलले. घरच्यांनी — म्हणजे कुणी? समोर एकच बाई बसली होती. तिने मान हलवली. हळूहळू, दोनदा, आपला अपराध पदरात घेतल्यासारखी. मग पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, माझंच चुकलं, मी मागे लागायला हवं होतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. ह्याच हाताने.

माझा दवाखाना चालतो, अगदी छान. पाटी आहे, पेन आहे. आता मी आधी तोंड बघते, जिभेखालीसुद्धा बघते, पण त्याने काय होतं? चौकातली ती पोरगी कोण, कुठली, मला माहीत नाही. नुकतीच पास झालेली असेल. तिने नीट बघितलं होतं, एवढंच मला माहीत आहे.

मंदाताई आता एकट्या दुकान चालवतात. गणपतीला नारळ आणतातच. मंडईत कुणाचं दातांचं काही निघालं की हाताला धरून माझ्याकडे घेऊन येतात. परवा भाजीवाल्या एका पोरीला घेऊन आल्या. बाकड्यावर बसून तिला समजावत होत्या, बाकीचे पेशंट ऐकत होते.

“बाई सांगतील ते ऐकायचं. आमच्या ह्यांच्या वेळी बाईंनी सांगितलं होतं, मीच लक्ष दिलं नाही. मी घालवलं त्यांना.”

दार उघडं होतं. मी सगळं ऐकलं. मग हातमोजे बदलले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.